बिनहाडाच्या प्राण्याकडून हाडांचा धडा

वेलीवरच वाळलेले घोसाळे सोलून बिया झटकल्या की हातात उरते एक पिवळसर, खरखरीत जाळी. अंग घासायला ती अजूनही अनेक घरांत वापरली जाते. गर गेला, पाणी गेले, मागे राहिला तो फळाचा सांगाडा. समुद्रातून काढलेला खरा स्पंज हीदेखील अशीच वस्तू आहे. फरक इतकाच, की ही जाळी फळाची नसून प्राण्याची असते. भूमध्य समुद्राच्या तळातून पाणबुडे हा प्राणी काढतात, त्याच्या मऊ पेशी कुजवून धुऊन टाकल्या जातात आणि उरलेला सांगाडा बाजारात येतो. भांडी घासण्याचा आजचा स्पंज मात्र बहुतेक कारखान्यात तयार होतो. त्याने फक्त नाव उसने घेतले आहे.

या प्राण्याला हाड नाही, कूर्चा नाही, स्नायू नाहीत. हृदय, जठर, मेंदू यांपैकी काहीही नाही. तरीही वाहत्या पाण्यात, लाटांच्या माऱ्यात तो आपला आकार टिकवून ठेवतो. हे त्याला कसे जमते ते समजून घेतले, तर अकोला-अमरावतीच्या अस्थिरोग वॉर्डात खुब्याचे हाड मोडून पडून असलेल्या आजींच्या दुखण्याचे मूळही समजते. कारण स्पंजाचा सांगाडा असो की माणसाचे हाड, ताकद केवळ कडकपणात नसते. ती जाळीच्या बांधणीत असते.

गोड्या पाण्यातले भाऊबंद

वऱ्हाडातून समुद्र पाचशे-सहाशे किलोमीटर दूर. पण स्पंज पाहायला समुद्रावरच जावे लागते असे नाही. स्पंजाच्या ज्ञात जाती नऊ हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या दोनशेहून थोड्या अधिक जाती तलाव, नद्या, कालवे आणि विहिरींच्या गोड्या पाण्यात राहतात.

भारतातल्या या गोड्या पाण्यातील स्पंजांचा सुरुवातीचा एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईत झाला, आणि तो केला एका डॉक्टरने. हेन्री जॉन कार्टर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातले शल्यचिकित्सक. मुंबई बेटावरच्या तळ्यांतील स्पंज त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि १८४९ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८६३ मध्ये इंग्रज अभ्यासक बोवरबँक यांनी एका जातीला कार्टर यांचेच नाव दिले. युनॅपियस कार्टेरी या नावाने ओळखली जाणारी ही जात भारतात अनेक ठिकाणी आढळते.

योगायोग असा, की १८५८ मध्ये मुंबईत आणखी एक डॉक्टर हेन्री कार्टर येऊन दाखल झाले. हे हेन्री व्हँडाइक कार्टर. जगभरातील वैद्यकीय विद्यार्थी ज्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’वर पोसले गेले, त्या ग्रंथातील चित्रे यांनी काढलेली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीरशास्त्र शिकवले. म्हणजे काही वर्षे एकाच शहरात एक कार्टर स्पंजाच्या सांगाड्याचा अभ्यास करत होते आणि माणसाच्या सांगाड्याची चित्रे काढलेले दुसरे कार्टर शरीरशास्त्र शिकवत होते. या दोन सांगाड्यांत बांधणीचे किती साम्य आहे, ते कळायला मात्र पुढची शंभर-दीडशे वर्षे जावी लागली.

पोकळ शरीराला आधार कशाला?

स्पंजाचे शरीर म्हणजे पाण्याच्या वाटांचे जाळे. अंगभर बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत येते, आतल्या नळ्यांतून आणि लहान कप्प्यांतून फिरते आणि वरच्या मोठ्या तोंडातून बाहेर पडते. कप्प्यांना अस्तर असते कॉलर पेशींचे. प्रत्येक पेशीला एक चाबकासारखा धागा असतो. लाखो धागे सतत हलत राहतात, त्यामुळे पाणी पुढे ढकलले जाते. पाण्यातले जिवाणू आणि सेंद्रिय कण हेच स्पंजाचे अन्न, आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन हाच त्याचा श्वास. प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत एक उदाहरण हमखास दिलेले असते. दहा सेंटीमीटर उंच आणि बोटाएवढ्या जाडीचा एक समुद्री स्पंज दिवसाला सुमारे २२ लिटर, म्हणजे मोठी बादली भरून वर, पाणी गाळतो.

हे सगळे चालते ते या वाटा उघड्या राहिल्या तरच. मऊ पेशी एकमेकींवर कोसळल्या की पाणी बंद, आणि पाणी बंद झाले की अन्न आणि श्वास दोन्ही बंद. माणसाच्या श्वासनलिकेचीही हीच गरज असते. श्वास घेताना ती मिटू नये म्हणून तिच्याभोवती कूर्चेची १६ ते २० अर्धवट कडी असतात. स्पंजाने हेच काम अंगभर पसरलेल्या सांगाड्यावर सोपवले आहे.

कूड आणि मांडव

हा सांगाडा दोन पदार्थांचा असतो. पहिला पदार्थ कंटिका. कंटिका म्हणजे सूक्ष्म काटे. बहुसंख्य स्पंजांत ते सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच द्रव्याचे असतात, तर काहींत कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्या द्रव्याचे. गोड्या पाण्यातील स्पंजाचा एक काटा मिलिमीटरचा साधारण पाव हिस्सा लांब भरतो. दुसरा पदार्थ स्पंजिन. आपल्या त्वचेत, स्नायुबंधांत आणि हाडांत कोलॅजेन नावाचे चिवट प्रथिन असते. स्पंजिन त्याच्याच घराण्यातले. न्हाणीघरातल्या स्पंजात काटे मुळीच नसतात, नुसते स्पंजिन असते. म्हणून तो अंगाला टोचत नाही.

वऱ्हाडातल्या वाचकाला ही बांधणी नवी वाटू नये. पऱ्हाट्या किंवा तुराट्या बांधून त्यावर माती-शेणाचा गिलावा केला की कुडाची भिंत होते. नुसती माती असेल तर ती पहिल्या पावसात ढासळते. नुसत्या तुराट्या असतील तर त्या वाऱ्याने हलून सुटतात. दोन्ही एकत्र आले की भिंत वर्षानुवर्षे टिकते. स्पंजातही काटे ताठपणा देतात आणि स्पंजिन त्यांना धरून ठेवते, वाकू देते पण तुटू देत नाही.

ही भिंत उभारतो कोण? त्याचे उत्तर २०१५ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठातील संशोधकांनी दिले. त्यांनी गोड्या पाण्यातला जिवंत स्पंज तासन् तास सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळला. काही पेशी काटे तयार करतात. दुसऱ्या पेशी ते काटे उचलून शरीरात दूरवर वाहून नेतात. योग्य जागी पोहोचल्यावर काट्याचे एक टोक शरीराच्या आवरणातून आरपार जाते आणि काटा उभा केला जातो. मग तिसऱ्या प्रकारच्या पेशी त्याच्या बुडाशी कोलॅजेनचा लेप देऊन तो पक्का बसवतात. लग्नाच्या मांडवात आधी मेढी आणायच्या, मग त्या रोवून बुडाशी माती ठोकायची, मग आडवे बांबू बांधायचे, तसाच हा क्रम. फरक एवढाच, की इथे मुकादम कोणीच नाही. मेंदू नसलेला प्राणी पेशींच्या आपसातील इशाऱ्यांवर हे काम पार पाडतो.

काचेचे सामानही त्याला बाहेरून विकत आणावे लागत नाही. दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात वजनाने सुमारे निम्मा भाग सिलिका असते. खडक झिजतो, त्याची काळी माती होते आणि थोडी सिलिका पाण्यात विरघळते. स्पंज ती तिथून शोषून घेतो. काचेच्या कारखान्यात वाळू वितळवायला हजार अंशांहून अधिक तापमान लागते. स्पंज तेच द्रव्य तलावाच्या थंड पाण्यात, सिलिकेटीन नावाच्या प्रथिनाच्या मदतीने घडवतो. हे प्रथिन १९९८ मध्ये ओळखले गेले.

एप्रिल-मे महिन्यांत तलावांचे पाणी उतरले की गोड्या पाण्यातले स्पंज कोरडे पडून मरतात. पण मरण्यापूर्वी ते गेम्यूल नावाच्या, खसखशीच्या दाण्याहूनही लहान गोळ्या मागे ठेवतात. त्यांच्या कवचातही काट्यांचा थर असतो. कार्टर यांनी वर्णन केलेल्या मुंबईच्या एका जातीत हे काटे हुबेहूब बैलगाडीच्या आसासारखे असतात. मध्ये दांडा आणि दोन्ही टोकांना दातेरी चाक. पावसाळ्यात पाणी भरले की या गोळ्यांतून पेशी बाहेर पडतात आणि नवा स्पंज उभा राहतो. वडाळी तलाव असो की महानचे काटेपूर्णा धरण, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या दगडावर किंवा बुडालेल्या फांदीवर राखी-तपकिरी, हाताने चुरगळणारी खपली दिसली आणि तिच्यात खसखशीसारखे दाणे असले, तर ती वाळलेल्या स्पंजाची असू शकते.

काटा टोचतो तेव्हा

अशी खपली दिसली तरी ती हाताने चोळू नये, आणि चोळली तर तो हात डोळ्यांना लावू नये. २००५ मध्ये ब्राझीलमधील अरागुआतिन्स या नदीकाठच्या गावात अनेकांना, विशेषतः मुलांना, डोळ्यांचे विकार झाले. तपास केल्यावर डोळ्यांत नदीतल्या स्पंजांचे सूक्ष्म काटे सापडले. त्वचेत घुसलेले काटेही खाज आणि पुरळ आणतात.

हे आता सांगण्याचे कारण वेगळेच आहे. रशियात वाळलेल्या स्पंजाची पूड मुक्या मारावर चोळण्याची जुनी पद्धत आहे. अलीकडे तेच काटे घातलेली सौंदर्यप्रसाधने परदेशातून ऑनलाइन बाजारात आली आहेत. काटे त्वचेला असंख्य बारीक छिद्रे पाडतात आणि क्रीममधले घटक आत जातात, असा त्यामागचा विचार. पण छिद्रे पडली की काय आत जाईल यावर ताबा राहत नाही. पुटकुळ्या, इसब किंवा वांग असलेल्या त्वचेवर, किंवा आधीच स्टिरॉइडची क्रीम लावून पातळ झालेल्या त्वचेवर अशी वस्तू त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय लावणे म्हणजे नवे दुखणे घरी आणणे होय.

स्पंजाला पळता येत नाही, म्हणून काट्यांच्या जोडीला अनेक जाती विषारी रसायनेही बाळगतात. वैद्यकशास्त्राला त्यांचा मोठा उपयोग झाला. १९५० च्या सुमारास वर्नर बर्गमन यांना कॅरिबियन समुद्रातील एका स्पंजात वेगळ्या घडणीची रसायने सापडली. त्यांच्या नमुन्यावर पुढे सायटाराबिन हे औषध तयार झाले. अमेरिकेत त्याला १९६९ मध्ये मान्यता मिळाली. अ‍ॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे.

तिरप्या पट्ट्यांचे गणित

स्पंजाच्या बांधणीचा कळस पाहायचा तर खोल समुद्रात जावे लागते. तिथे काचेचे स्पंज राहतात. त्यांतल्या एकाला इंग्रजीत ‘व्हीनसची फुलांची परडी’ म्हणतात. वीतभर लांबीची ही नळी संपूर्ण काचेच्या धाग्यांनी विणलेली असते. काच म्हटले की तडकणारच, पण हिचे धागे सहसा तडकत नाहीत. प्रत्येक धाग्यात काचेचे थरावर थर असतात आणि दोन थरांमध्ये प्रथिनाचा पातळ पापुद्रा. चीर पडली तरी ती पापुद्र्यापाशी अडते.

विणही पाहण्यासारखी आहे. उभे आणि आडवे धागे मिळून चौकोन होतात. नुसता चौकोन बाजूने रेटला की कलंडतो, हे प्रत्येक सुतार जाणतो. म्हणून फळ्यांच्या दारामागे तो तिरपी पट्टी ठोकतो. या स्पंजानेही तिरप्या पट्ट्या घातल्या आहेत, त्याही जोडीजोडीने आणि एक चौकोन आड. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या अभियंत्यांनी २०२० मध्ये दाखवून दिले, की तेवढेच साहित्य वापरून केलेल्या नेहमीच्या जाळीदार बांधकामापेक्षा या रचनेत वीस टक्क्यांहून जास्त ताकद येते. साहित्य वाढले नाही, फक्त मांडणी बदलली.

आपल्या हाडातील जाळी

आता माणसाच्या हाडाकडे वळू. हाड हेही दोन पदार्थांचे बनलेले असते, कॅल्शियम-फॉस्फेटचे कडक स्फटिक आणि कोलॅजेनचे चिवट धागे. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले की त्यातले क्षार विरघळतात आणि हाड रबरासारखे वाकते. तेच हाड चुलीत जाळले की कोलॅजेन जळते आणि उरलेले पांढरे हाड बोटाने चुरते. म्हणजे मातीही हवी आणि तुराटीही हवी.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक आणि पाठीचे मणके आतून भरीव नसतात. तिथे जाळीदार हाड असते, ज्याला वैद्यकातही ‘स्पंजी’ हाडच म्हणतात. १८६६ मध्ये झुरिच येथे शरीरशास्त्रज्ञ मेयर यांनी खुब्याच्या हाडाचा छेद मांडला. त्यातली जाळी पाहून अभियंते कुलमान यांना आपल्या यारीच्या आराखड्यातील ताणाच्या रेषा आठवल्या. जिथे भार येतो, तिथेच हाडाच्या पट्ट्या धावतात.

ही जाळी जन्मभर तशीच राहत नाही. हाडात काही पेशी जुने हाड खातात आणि काही नवे बांधतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा दरवर्षी सुमारे दहावा हिस्सा असा बदलला जातो. तिशीपर्यंत बांधकाम जास्त होते, पुढे मोडतोड हळूहळू वरचढ ठरते. स्त्रियांत पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत ही झीज झपाट्याने होते. मणक्यात सर्वांत आधी नाहीशा होतात त्या आडव्या पट्ट्या. उभे खांब तसेच राहतात, पण त्यांना धरून ठेवणारे कोणी उरत नाही. मांडवातले आडवे बांबू काढून घेतले तर मेढी जशा झुकतात, तसे हे खांब भाराखाली वाकतात आणि मणका दबतो. उंची कमी होते, पाठीला बाक येतो. म्हणूनच ओट्यावरून उतरताना झालेल्या साध्या पडण्यानेही खुबा मोडू शकतो. या अवस्थेला ऑस्टिओपोरोसिस, अर्थात अस्थिसुषिरता म्हणतात. हाड मोडेपर्यंत ती बहुधा दुखत नाही. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला खरा धोका असतो तो पुढच्या न्यूमोनियाचा, शय्याव्रणांचा आणि पायातील शिरांमध्ये होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचा.

हे लक्षात घेतले, तर ‘हाडाची गोळी’ म्हणून फक्त कॅल्शियम घेत राहणे का पुरत नाही ते समजते. भिंतीला नुसती माती पुरत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १,००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रियांना १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. दूध, ताक, तीळ, नाचणी, शेवग्याचा पाला यांतून त्यातले बरेच मिळू शकते. ते आतड्यांतून शोषले जायला ड जीवनसत्त्व हवे, आणि त्यासाठी अंगावर ऊन पडायला हवे. कोलॅजेन बनते प्रथिनांपासून. म्हणून म्हातारपणी ‘पचत नाही’ म्हणत नुसत्या भाकरी-ठेच्यावर राहणे हाडांना परवडत नाही. तुरीचे घट्ट वरण, हरभरा, दूध, अंडी यांतले जे चालेल ते रोज ताटात हवे.

तिसरी गोष्ट म्हणजे भार. हाडाच्या पट्ट्या भार येईल तिथेच बांधल्या जातात, म्हणून खाटेवर बसून असलेल्या माणसाचे हाड लवकर विरळ होते. रोजचे चालणे, जिना चढणे, झेपेल तेवढे वजन उचलणे ही हाडांसाठी औषधेच आहेत. तंबाखू आणि दारू जाळी पोखरतात. सांधेदुखीवर चुटकीसरशी आराम देणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्यांत स्टिरॉइड असू शकते, आणि ते महिनोन् महिने पोटात गेले की हाडांची जाळी विरळ होत जाते.

शिबिरांमध्ये टाचेवर यंत्र लावून केलेल्या तपासणीने फक्त अंदाज येतो. निदानासाठी खुबा आणि कंबर यांची डेक्सा तपासणी करतात. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, उंची कमी झाली असेल, पाठ वाकू लागली असेल किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल, तर डॉक्टरांना हाडांच्या घनतेविषयी जरूर विचारावे. झीज थांबवणारी आणि पुढचे हाड मोडण्याचा धोका कमी करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. ‘वयच झाले’ म्हणून ही विचारणा लांबणीवर टाकू नये, कारण एकदा तुटून गेलेली आडवी पट्टी पुन्हा जोडणे फार अवघड असते. शिल्लक आहेत त्या सांभाळणे मात्र आपल्या हातात असते.